शंभर टक्के हात

३ जुलै

ती. वहिनींना नमस्कार.

तुमचं घर उघडलं. म्हणजे शेजारच्या शिंपीणबाईंनी उघडून दिलं. मी बराच वेळ किल्ली उलटी फिरवत होतो आणि त्या खिडकीतून मजा बघत होत्या. फोनवर तुम्ही ‘बरं’ म्हणता आणि ठेवून देता, म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

आमच्या समितीच्या अध्यक्षबाईंनी हट्ट धरला, की शाळा सुधारणेच्या अहवालावर सही करण्याआधी प्रत्येक सभासदाने महिनाभर खऱ्या वर्गावर शिकवायचं. बाकीच्या सभासदांना एकाएकी पाठदुखी सुरू झाली. मी म्हटलं, त्यात घाबरायचं काय? दादाने जन्म घालवला तोच चौथीचा वर्ग मागून घेतला. तुम्ही लेकीच्या बाळंतपणाला गेलेल्या, घर रिकामं, शाळा समोर. आणखी काय हवं?

दादाच्या जागी आलेल्या कंत्राटी बाई वेळापत्रकाच्या सहा धडे मागे आहेत. अहवालातलं कलम नऊ मीच लिहिलंय आणि या शाळेत ते करूनही बघतोय. महिनाअखेर वर्ग मागे दिसला, तर शिक्षकाला महिनाभर प्रशिक्षण. त्यानंतर पुन्हा मागे दिसला, तर कंत्राट संपलं. बाई सध्या प्रशिक्षणाला आहेत. वर्ग कागदोपत्री त्यांच्याच नावावर आहे, मी आपला पाहुणा. पण त्या येईपर्यंत सहाच्या सहा धडे भरून काढतो की नाही बघा.

साखरेचा डबा कुठे आहे?

तुमचा,
धाकटा

७ जुलै

भावजींना अनेक आशीर्वाद.

साखर ‘मीठ’ लिहिलेल्या डब्यात आहे. मीठ कुठल्या डब्यात आहे ते तुम्ही हुशार आहात, शोधा.

नात गोरीपान, टकली आणि तापट आहे. थेट सासऱ्यांवर गेली आहे. मी तिला वर्तमानपत्र वाचून दाखवते. काल तुमच्या समितीची बातमी वाचली, तर लगेच झोपली.

कलम नऊ दोनदा वाचलं. वर्ग तिच्या नावावर आणि शिकवणार तुम्ही. म्हणजे स्वयंपाक तुम्ही करायचा आणि करपला तर तव्याला बोल लावायचा. छान सोय आहे.

ती पोरगी कोण हे तुम्हाला ठाऊक नसेल. तुम्ही आमच्याकडे यायचात ते लग्नाला आणि बारशाला, शाळेत कधी डोकावला नाहीत. ती यांच्याच हाताखाली शिकलेली. यांचं दुखणं वाढलं तेव्हा वर्ग तिनेच सांभाळला, आणि संध्याकाळी येऊन यांना दिवसभराचं सगळं सांगायची. सहा धडे मागे असेल, तर का मागे आहे ते तिला कोणी विचारलं का?

मला शिक्षणातलं काय कळतं म्हणा. मी पुड्यांचे कागद वाचत वाचत वाचायला शिकले. हे म्हणायचे, मी शिकवतो. मी म्हटलं, नको, दिवसभर गुरुजी असता तेवढे पुरेत, घरी नवराच बरा. पण एवढं कळतं की माणूस मागे राहिला तर आधी वळून बघावं.

यांच्या खुर्चीवर बसा, पण मागे रेलू नका. तिचा मागचा पाय सैल आहे. यांना ठाऊक होतं म्हणून हे पडायचे नाहीत.

वहिनी

१० जुलै

ती. वहिनींना नमस्कार.

खुर्चीची सूचना पत्रात अगदी शेवटी लिहिलीत. मी पत्र खुर्चीत बसून वाचत होतो. पाठ आता बरी आहे.

वर्गाची बातमी अशी, की मी जिंकलो. तुमच्या लाडक्या बाईंनी सहा धडे का घालवले ते मला खरंच कळत नाही. या मुलांइतकी तयार मुलं मी पाहिली नाहीत. काहीही विचारा, अख्ख्या वर्गाचा हात वर! आमच्या तक्त्यात एक रकाना आहे, ‘प्रश्नाला हात वर करणारी मुलं, टक्के.’ रोज शंभर लिहितोय. अहवालात नियमच आहे, की साठ टक्के हात वर झाले की थांबायचं नाही, पुढे जायचं. एकेकाला उठवून विचारण्यात तास वाया जातो. त्या नियमाने अपूर्णांक तीन दिवसांत उरकले. हेडसर दारातून बघून म्हणाले, “वा साहेब!”

मधले दोन दिवस मात्र फुकट गेले. शाळेतली बाकं, खिडक्या आणि नळ मोजून पाठवायचे होते. मी चिडून विचारलं, कुठल्या शहाण्याने हे काम शिक्षकांच्या गळ्यात मारलं? हेडसरांनी परिपत्रक दाखवलं. खाली माझी सही होती.

ते सोडा. शिकवणं म्हणजे डाव्या हाताचा मळ आहे, वहिनी. उगाच बाऊ करतात लोक.

धाकटा

१४ जुलै

काकूंना नमस्कार.

बाळबाळंतीण ठीक ना? मी प्रशिक्षणाला आहे. चौथीला शिकवायचं कसं, हे एक मुलगा आम्हाला शिकवतो. त्याने चौथीचा वर्ग शेवटचा पाहिला तो चौथीत असताना. सकाळी टाळ्या, दुपारी रंगीत कार्डं, मग पुन्हा टाळ्या. माझ्या शेजारच्या बाईंनी बावीस वर्षं नोकरी केली आहे. त्या टाळ्या वाजवता वाजवता झोपतात.

पण मी लिहितेय ते दुसऱ्याच काळजीने. चित्रकलेच्या सरांचं पत्र आलं. तुमच्या दिरांनी तीन दिवसांत अपूर्णांक संपवले, कारण म्हणे सगळ्या वर्गाचे हात वर होतात. काकू, हात वर होणारच! आपल्या गुरुजींची रीत तुम्हाला माहीतच आहे. येत असेल तर उजवा हात, येत नसेल तर डावा. हात प्रत्येकाने वर करायचाच, म्हणजे कोणाला येत नाही हे शेजारच्यालाही पटकन कळत नाही आणि कोणी लाजत नाही. मग डाव्या हाताच्या बाकाशी जाऊन उकिडवं बसायचं आणि हळू आवाजात पुन्हा समजावायचं. मीही तेच करते. माझे सहा धडे त्या बाकांपाशीच राहिलेत.

तुमच्या दिरांनी डावे हात मोजले आणि शंभर टक्के लिहिले! मुलं त्यांना सांगणारही नाहीत, कारण ही गोष्ट वर्गाबाहेर न्यायची नाही अशी गुरुजींची शपथ आहे. हेडसर साहेबांना घाबरतात. मी त्यांना लिहू का?

तुमची,
बाई

१७ जुलै

पोरी, आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून इतकी हसले की नात उठली, लेक उठली आणि जावई काय झालं म्हणून विचारायला आले. डाव्या हाताचा मळ असं त्यांनी स्वतःच लिहिलंय गं!

तू लिहू नकोस. भावजींना सांगितलेलं कधी पटत नाही, आपटल्यावर पटतं. लहानपणी यांनी त्यांना सांगितलं, त्या झाडावर मुंग्या आहेत, चढू नकोस. तर म्हणे, किती टक्के? आठवडाभर थांब. एकदा एखाद्या पोराला उभं करून विचारतील आणि तोंडावर पडतील. मला ते इथे बसून वाचायचंय. यांच्या मागे मला हसवणारी फार थोडी माणसं उरली आहेत, आणि भावजींना तर आपण हसवतोय हे माहीतही नाही.

टाळ्या नीट वाजव. त्यातही मागे पडलीस तर आणखी एक महिना ठेवतील.

काकू

१९ जुलै

ती. वहिनींना नमस्कार.

उत्साह म्हणजे किती असावा! मुलं आता नुसता हात वर करत नाहीत, जोरजोरात हलवतात. दोघं बाकावर उभे राहून हलवतात. एक मुलगी आहे, तिला सगळे मिरची म्हणतात. ती दोन्ही हात वर करते. मी पाठ थोपटली तर माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मीच मंद आहे. काल तिने तिच्या आजोबांचा जुना चष्मा आणून माझ्या टेबलावर ठेवला. “सर, घालून बघा,” म्हणाली. भेट म्हणून घेतला. मन भरून आलं.

आता मुद्द्याचं. हे यश माझ्यापुरतं ठेवणं बरोबर नाही. अध्यक्षबाईंना तीस तारखेला आदर्श पाठ बघायला बोलावलंय. आमच्या शंभर टक्क्यांची नोंद सगळ्या प्रशिक्षण केंद्रांना पाठवली आहे. कलम नऊही कडक करतोय. तोच वर्ग, तीच मुलं, फक्त शिक्षक बदलला आणि सहा धडे भरून निघाले. मग दोष कोणाचा, हे उघड आहे. मागे पडणाऱ्याला दुसरी संधी कशाला? त्या बाईंचं कंत्राट वाढवू नये, असं टिपण करून ठेवलंय. तुम्हाला वाईट वाटेल, पण माझं बाईंशी वैर नाही. आकडे बोलतात.

धाकटा

२३ जुलै

काकू,

तुमच्या दिरांची नोंद इथे फळ्याशेजारी लावली आहे. सगळ्यांसमोर मोठ्याने वाचूनही दाखवली. ‘एका वर्गात शिक्षक बदलताच’ असं तिचं पहिलं वाक्य आहे. कुठला वर्ग, कुठली शिक्षिका, हे सगळ्यांना कळलं. बावीस वर्षांच्या बाई तेवढ्यापुरत्या जाग्या झाल्या आणि त्यांनी माझा हात धरला.

तुम्हाला हसायला आठवडा हवा होता. गंमत तुमची आणि नोकरी माझी. आणि मुलांचे अपूर्णांक गेले ते वेगळेच. ती पोरं हात दुखेपर्यंत सांगतायत आणि ऐकायला कोणी नाही.

आता मी त्यांना लिहिलं तर ते म्हणतील, स्वतःला वाचवायला बाई काहीही रचतात. खरं बाहेर आलं तरी मीच मेले. महिनाअखेर वर्ग मागे दिसेल आणि वर्ग माझ्या नावावर आहे. म्हणजे ते जिंकले तर मी आळशी आणि ते हरले तर मी दुसऱ्यांदा मागे. दोन्हीकडून माझंच कंत्राट संपतं. काय करायचं ते आता तुम्हीच सांगा. गुरुजी असते तर त्यांना विचारलं असतं.

बाई

२५ जुलै

भावजी,

हे पत्र जपून वाचा, आणि खुर्चीत बसून वाचू नका.

तुमच्या वर्गातले हात डावे आहेत. डावा म्हणजे ‘मला येत नाही.’ ही यांची रीत, आता त्या पोरीची. ज्याला येतं त्याचा उजवा, ज्याला येत नाही त्याचा डावा, म्हणून हात सगळ्यांचे वर. मुलं हात हलवतात ती तुम्हाला दिसत नाहीत म्हणून, आणि चष्मा भेट नव्हता. पटत नसेल तर तीन चोक विचारा आणि मग अपूर्णांक विचारा. कुठला हात वर होतो ते बघा.

मला हे आठ दिवस ठाऊक आहे. तुमची फजिती व्हावी म्हणून मी त्या पोरीलाही बोलू दिलं नाही. तिने काल आलेल्या पत्रात माझे कान उपटले. ती बरोबर आहे, मला शेपूट घालून बसावं लागलं. गंमत इथे संपली.

आता नीट ऐका. फोनवर तुम्ही मध्येच बोलला असता, पत्राला मध्येच बोलता येत नाही. तीस तारखेला तुम्ही गप्प बसलात तर अध्यक्षबाईंना काही कळणार नाही. त्यांना हात दिसतील, तुम्हाला शाबासकी मिळेल आणि पोरगी घरी बसेल. खरं सांगितलंत तर वर्ग मागे निघेल, तो तिच्या नावावर आहे, आणि तुमच्याच कलमाने ती घरी बसेल. तिला कसं वाचवायचं हे मला सुचत नाही. कलम तुम्ही लिहिलंय. त्याला दार कुठे ठेवलंय, की ठेवलंच नाही, ते तुम्हालाच माहीत.

वहिनी

३० जुलै

ती. वहिनींना,

तुमचं पत्र आज मधल्या सुट्टीत हातात पडलं. शिक्षकखोलीत उभ्यानेच वाचलं. आधी तुमचा राग आला. मग हेडसरांचा आला, मग दादाचाही. ही कसली शपथ, जी सख्ख्या भावालाही सांगितली नाही? पण मी कधी विचारलंच नव्हतं.

वर्गात जाऊन विचारलं, तीन चोक? सगळे उजवे हात. एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश? सगळे डावे. पुढच्या बाकावरच्या दोघी तेवढ्या उजव्या. महिनाभर रोज हेच बघत होतो मी.

तेवढ्यात अध्यक्षबाई आल्याच. त्यांनीही नेमका अपूर्णांकच विचारला. हात वर, जंगल नुसतं. “वा!” म्हणाल्या आणि तक्ता भरायला पेन काढलं. खरं सांगतो वहिनी, मला काहीच करावं लागणार नव्हतं. गप्प राहिलं की झालं. आणि गप्प राहायला मला मनापासून आवडलं असतं.

पण मिरची माझ्याकडे बघत होती. दोन्ही हात वर करून, दमून.

मी मुलांना विचारलं, “तुमची हातांची गोष्ट पाहुण्यांना सांगू का?” मग मिरची म्हणाली, “आधी तुम्हाला कोणी सांगितली?” मी म्हटलं, “गुरुजींच्या घरातून कळली.” त्यांची आपसात कुजबुज झाली. मागून एकजण म्हणाला, “घरातून म्हणजे काकू. काकू चालतात.” मग परवानगी मिळाली.

मी सांगितलं. अध्यक्षबाईंनी पेनाचं टोपण लावलं. “म्हणजे शंभर टक्के?”

“शंभर टक्के हात, मॅडम. डोकी अजून मोजलेली नाहीत.”

“मग वर्ग किती धडे मागे आहे?”

“मी आलो तेव्हा सहा होता. आता नऊ.”

तक्त्यात वर्गशिक्षक म्हणून बाईंचं नाव आधीच छापलेलं होतं. अध्यक्षबाईंनी सहीसाठी तो माझ्यापुढे सरकवला. मी ते नाव खोडलं आणि वर माझं लिहिलं. जो महिनाभर शिकवतो तोच वर्गशिक्षक, असं कलमात कुठे लिहिलेलं नाही, पण नसतो असंही लिहिलेलं नाही. त्या म्हणाल्या, “साहेब, कलम नऊ तुमचंच आहे ना?” मी हो म्हटलं. “मग सोमवारी प्रशिक्षणाला हजर व्हा. त्या बाईंना परत पाठवते. त्यांच्याविरुद्धचं टिपण तुम्ही फाडणार की मी?”

मी फाडलं.

मुलांनी टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी नव्हे. बाई परत येणार हे त्यांना कळलं.

धाकटा

६ ऑगस्ट

ती. वहिनींना नमस्कार.

प्रशिक्षणाला आलो. शिकवणारा मुलगा माझ्या मुलापेक्षा लहान आहे. काल मला म्हणाला, “काका, टाळी तालात वाजवा.” ही टाळ्यांची योजना कोणी मंजूर केली असं मी विचारणार होतो, पण परिपत्रकाचा अनुभव ताजा आहे, म्हणून टाळी तालात वाजवली.

पहिले दोन दिवस माझ्या बाकावर कोणी बसलं नाही. ‘एका वर्गात शिक्षक बदलताच’ लिहिणारा तो हाच, हे सगळ्यांना माहीत होतं. तिसऱ्या दिवशी बावीस वर्षं नोकरी झालेल्या एक बाई येऊन बसल्या. म्हणाल्या, “सरका. तुमच्या आडोशाला झोप चांगली लागेल.”

माझी सही नाही म्हणून अहवाल अडला आहे. अध्यक्षबाई म्हणतात, आधी पास व्हा. कलम नऊ नव्याने लिहायला घेतलंय आणि एका ठिकाणी अडलोय. प्रत्येक डाव्या हाताच्या बाकाशी थांबायचं, तर अभ्यासक्रम पुरा कधी होणार? दादा तो कसा पुरा करायचा? त्याची युक्ती सांगा, कलमात घालतो.

धाकटा

१० ऑगस्ट

भावजींना अनेक आशीर्वाद.

मी घरी पोचले. तुम्ही मीठही शोधलंत आणि ते साखरेत घातलंत. पहिला चहा मी शिंपीणबाईंना दिला, त्यामुळे आम्ही दोघी सध्या बोलत नाही.

शाळा सुटताना पोरगी भेटायला आली. अजून रुसलेली होती, म्हणून मीच आधी तिचा हात धरला. अपूर्णांक तिने पहिल्यापासून सुरू केलेत. नऊचे आता दहा धडे झाले मागे. तुमच्या नव्या कलमाची ती वाट बघतेय. मला म्हणाली, “काकू, तोवर मी आपली सावकाश शिकवते.”

यांची युक्ती विचारलीत. अहो, पुरा करायचेच नाहीत. एकाही वर्षी केला नाही. वर्षाच्या शेवटच्या दिवशी घरी यायचे आणि चप्पल काढायच्या आधी दारातूनच मला सांगायचे, एवढं एवढं राहिलं. मग पाणी पिऊन पुढच्या वर्गाच्या मास्तरांकडे जायचे. कुठल्या पोराचं काय राहिलंय ते एकेक सांगून यायचे. त्या मास्तरांना ते पटायचं नाही, पण हे चहा प्यायल्याशिवाय हलायचे नाहीत, म्हणून ऐकून घ्यायचे.

अंथरुणाला खिळले तेव्हा एक दिवस माझ्याकडे बघून म्हणाले, “बरंच राहिलं गं.” मला वाटलं, आमच्या दोघांचं म्हणतायत. मी पदर तोंडाला लावला आणि विचारलं, “काय राहिलं?” तर म्हणाले, “भागाकार.” मी इतकी हसले, की हेही हसायला लागले आणि हसताना खोकला लागला. संध्याकाळी पोरगी आली तेव्हा तिला एकेकाचं नाव घेऊन सांगितलं. तिने तो भागाकार पुरा करून दिला.

माझं जे राहिलं ते राहिलं. ते पुढच्या वर्गात नेऊन सांगता येत नाही. पण पोरांचं सांगता येतं. तेवढं तुमच्या कलमात बसत असेल तर बसवा.

वहिनी